प्रथिनांची मोडतोड आणि पेशींचं म्हातारपण: या संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींचे मेल येतात, त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘मला एजिंगवर काम करायचं आहे.’ यावरून काहीच कळत नाही. म्हातारपण कोणाचं? यीस्टचं, कृमीचं, उंदराचं, की प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशींचं? आणि त्यातलं नेमकं काय मोजणार? मी स्वतः प्रथिनांच्या विघटनावर काम करते. पेशी आपली प्रथिनं कशी मोडते आणि वय वाढताना हे काम कुठे मंदावतं, हा माझा प्रांत. बीएस्सी साताऱ्याला, एमएस्सी आणि पीएचडी पुण्यात, मग काही वर्षं परदेशात पोस्टडॉक आणि पुन्हा पुणे. या प्रवासात सांगण्यासारखं फार नाही. कामात मात्र भरपूर आहे, आणि बाहेरून दिसतं त्यापेक्षा ते बरंच वेगळं आहे.

बारावीपर्यंत आपण प्रथिनं तयार कशी होतात तेवढं घोकतो. डीएनए, आरएनए, रायबोसोम, झालं. तयार झालेल्या प्रथिनाचं पुढे काय होतं, याला पुस्तकात जेमतेम एक परिच्छेद. शास्त्रज्ञांचंही बराच काळ असंच होतं. शरीरातली प्रथिनं एकदा बनली की टिकतात आणि खाल्लेलं अन्न बहुतेक जळून जातं, असं धरून चालायचे. १९३०च्या दशकात जर्मनी सोडून न्यूयॉर्कला आलेल्या रुडॉल्फ शोएनहाइमरने कोलंबिया विद्यापीठात उंदरांना नायट्रोजन-१५ हा जड समस्थानिक घातलेली अमिनो आम्लं खाऊ घातली. तो नायट्रोजन लघवीतून बाहेर पडायला हवा होता. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त उंदरांच्या प्रथिनांत जाऊन बसलेला सापडला, आणि उंदरांचं वजन तर वाढलं नव्हतं. म्हणजे जेवढं नवं आत बसलं तेवढं जुनं मोडून निघालं होतं. शोएनहाइमर १९४१ मध्ये वारला. त्याची व्याख्यानं १९४२ मध्ये पुस्तकरूपाने आली.

प्रौढ माणूस रोज साधारण २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनं मोडतो आणि जवळपास तेवढीच पुन्हा बांधतो. ताटातून येतात त्याच्या ही कितीतरी पट. त्यातही प्रत्येक प्रथिनाची मुदत निराळी. पी-५३ हे कॅन्सरवाल्यांचं लाडकं प्रथिन निरोगी पेशीत वीसेक मिनिटांत निम्मं होतं. डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातली क्रिस्टलिनं जन्माआधी बनलेली असतात आणि मरेपर्यंत तीच राहतात. मोतीबिंदू होतो त्यामागे हेही एक कारण आहे.

विघटन म्हणजे नुसती साफसफाई, हा समज घेऊन लॅबमध्ये येऊ नका. टिम हंटला १९८२ मध्ये समुद्री साळूच्या अंड्यांत सायक्लिन सापडलं, ते प्रत्येक विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसं होतं म्हणून. ते वेळेवर नष्ट झालं नाही तर पेशीचं विभाजन पुरं होत नाही. कोणतं प्रथिन कधी मोडायचं यावर पेशीचा अर्धा कारभार चालतो.

मोडण्याच्या मुख्य वाटा दोन. एक प्रोटिएझोम: पिंपाच्या आकाराचं, बऱ्याच प्रथिनांनी मिळून बनलेलं यंत्र. ज्याच्यावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण लागली आहे ते प्रथिन आत ओढून तुकडे करतं. दुसरी वाट लायसोसोमची. १९५५ मध्ये क्रिस्तियां द दूव्ह यांनी शोधलेली ही आम्लधर्मी पिशवी. तिच्यात माल पोचवण्याचा मोठा मार्ग म्हणजे ऑटोफॅजी: पेशी आपलाच माल ऑटोफॅगोसोम नावाच्या पुडीत गुंडाळून तिथे नेते. बाकीचे बारकावे वाचून होतील.

वाचण्याचा विषय निघाला म्हणून सांगते. रिव्ह्यू लेख वाचून या क्षेत्रात शिरू नका, निदान फक्त तेवढ्यावर नाही. अवराम हर्श्को, आरोन चेखानोव्हर आणि अर्विन रोझ यांचे १९७८ ते १९८० मधले मूळ पेपर काढून वाचा. २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामाबद्दल मिळालं. प्रश्न असा होता: प्रथिनाचे बंध तोडायला ऊर्जा लागू नये, जेवल्यावर पोटातली एन्झाइमं एटीपी (पेशीचं इंधन) न घेता ते तोडतातच. मग पेशीच्या आत मात्र एटीपी का लागतं? हे कोडं १९५३ पासून पडून होतं. इस्राएलमध्ये हैफाच्या टेक्निऑन संस्थेत हर्श्को आणि चेखानोव्हर यांनी सशांच्या अपक्व लाल रक्तपेशींचा अर्क घेतला. या पेशींत लायसोसोम उरलेले नसतात, त्यामुळे ती दुसरी वाट आपोआप बाद झाली. अर्क प्रथिनं वेगळी करणाऱ्या एका कॉलममधून सोडला. न चिकटता खाली आलेला भाग एक, चिकटून मिठाने सुटलेला भाग दोन. दोन्ही वेगवेगळे निकामी, एकत्र केले की विघटन सुरू. पहिला भाग बहुतेक सगळा हिमोग्लोबिन, लालभडक. कुणीही टाकून दिला असता. त्यांनी तो तापवला. हिमोग्लोबिन गोठून खाली बसलं आणि वरच्या पाण्यात हवा तो घटक शाबूत राहिला, कारण तो उष्णतेला दाद देत नव्हता. तेच पुढे १९८० मध्ये युबिक्विटिन निघालं: ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन, आधीपासून माहीत असलेलं, पण काम माहीत नसलेलं.

हे पेपर मी नव्या मुलांच्या हातात देते कारण त्यात कसलंही महागडं यंत्र नाही. कॉलम, जेल, किरणोत्सारी आयोडीन आणि बरंच डोकं. आपल्याकडच्या मध्यम लॅबमध्येही आज ते प्रयोग जमतील. ‘आमच्याकडे अमुक मशीन नाही’ ही तक्रार पुढची पाचसहा वर्षं रोज कानावर येणार आहे, त्याआधी हे वाचलेलं बरं.

पातळी आणि वेग

आता मुख्य मुद्द्यावर येते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला जी एक गोष्ट अंगवळणी पाडावी लागते ती ही: आपल्याला प्रथिन किती आहे हे दिसतं, ते किती वेगाने मोडतंय हे दिसत नाही. आणि आपला प्रश्न नेहमी वेगाचा असतो.

मागच्या वर्षीचा प्रसंग. एक प्रोजेक्टचा मुलगा वेस्टर्न ब्लॉटची (प्रथिन किती आहे ते बँडच्या जाडीवरून दाखवणाऱ्या चाचणीची) फिल्म घेऊन आला. म्हाताऱ्या पेशींना एक वनस्पतिज संयुग दिलं होतं.

‘मॅडम, एलसी३-दोनचा बँड दुप्पट झालाय. ऑटोफॅजी वाढली.’

‘वाढली की तुंबली?’

तो गप्प.

‘अरे, गच्चीवरच्या टाकीत पाणी जास्त दिसतंय. वरून जोरात येतंय की खालचा कॉक कुणी बंद केलाय, हे नुसतं टाकीत डोकावून सांगशील?’

एलसी३-दोन हे ऑटोफॅगोसोमच्या पापुद्र्याला चिकटलेलं प्रथिन. ऑटोफॅगोसोम जास्त बनले तरी ते वाढतं, आणि लायसोसोम काम करेनासा झाला, माल आत पचेनासा झाला, तरीही वाढतं. बँड दोन्ही वेळा सारखाच जाड. उलगडा करायचा तर लायसोसोम मुद्दाम बंद पाडावा लागतो. बॅफिलोमायसिन किंवा क्लोरोक्विन देऊन शेवटचे काही तास पेशी ठेवायच्या. मग जेलवर चार लेन हव्यात: काहीच न दिलेली, फक्त संयुगाची, फक्त बॅफिलोमायसिनची आणि दोन्हींची. दोन्हींची लेन नुसत्या बॅफिलोमायसिनपेक्षा जाड आली, तर खरोखर जास्त बनतंय. तेवढीच राहिली, तर तुमच्या संयुगाने खालचा कॉकच बंद केलाय, आणि ते औषध नसून त्रास आहे. त्या मुलाच्या लेन सारख्या आल्या. महिनाभर तोंड पाडून होता. पण त्यानंतर तो सेमिनारला बसला की दुसऱ्यांच्या स्लाइडवर चौथी लेन कुठे आहे हे विचारतो, आणि बऱ्याचदा ती नसते. नामांकित नियतकालिकांतल्या पेपरांतही नसते.

म्हाताऱ्या पेशींत हा घोळ जास्तच, कारण त्यांचे लायसोसोम खरोखरच मंदावलेले असतात आणि त्यांत लिपोफ्युसिन नावाचा पिवळट-तपकिरी साका साठलेला असतो. न पचलेल्या प्रथिनांचा आणि चरबीचा हा अवशेष स्वतःच चमकतो, आणि मायक्रोस्कोपखाली जवळजवळ सगळ्या रंगांत चमकतो. तुम्हाला वाटतं आपली हिरवी खूण मस्त आली. रंग न दिलेल्या म्हाताऱ्या पेशींची स्लाइड शेजारी ठेवा, तीही हिरवी दिसेल. ही स्लाइड दर वेळी करायची. कंटाळा येतो, तरी करायची.

प्रोटिएझोमच्या बाजूला वेग मोजण्याचा रोजचा प्रयोग म्हणजे सायक्लोहेक्झिमाइड चेस. हे औषध नवं प्रथिन बनणं थांबवतं, मग जुनं किती वेगाने कमी होतं ते बघायचं. सकाळी सगळ्या डिशमध्ये औषध टाकायचं. शून्य तास, एक, दोन, चार, आठ अशा वेळांना एकेक डिश बर्फावर घेऊन पेशी खरवडायच्या. प्रत्येक वेळेला एक जोडडिश, ज्यात एमजी-१३२ घालून प्रोटिएझोम बंद केलेलं. त्या डिशमध्ये प्रथिन टिकलं तरच म्हणायचं की ते प्रोटिएझोममधून मोडतं. हाताला सोपा, पण दिवस खाणारा प्रयोग आहे. आठ तासांनंतरचा डेटा मला तरी पटत नाही, कारण तोवर पेशीला जिवंत ठेवणारी अल्पायुषी प्रथिनंही संपलेली असतात आणि तुम्ही मरणाऱ्या पेशी मोजत असता. दीर्घायुषी प्रथिनांसाठी जड अमिनो आम्लं देऊन मास स्पेक्ट्रोमेट्री करतात. थोडक्यात शोएनहाइमरचीच युक्ती, पैसा जास्त. सायक्लोहेक्झिमाइड विषारी आहे, ग्लोव्ह्जशिवाय बाटलीला हात लावायचा नाही.

अजून एक, कारण हे प्रोटोकॉलच्या कागदावर बहुधा लिहिलेलं नसतं. युबिक्विटिन लागलेली प्रथिनं ब्लॉटवर एका बँडमध्ये दिसत नाहीत. साखळ्या लहानमोठ्या असल्याने वरपासून खालपर्यंत धुरकट पट्टा दिसतो, त्याला आम्ही स्मीअर म्हणतो. पेशी फोडल्याबरोबर युबिक्विटिन काढून टाकणारी एन्झाइमं मोकाट सुटतात आणि बर्फावरसुद्धा काही मिनिटांत स्मीअर फिका पडतो. म्हणून पेशी फोडण्याच्या बफरमध्ये त्या एन्झाइमांना रोखणारं एन-इथाइलमॅलिमाइड घालायचं, तेही ताजं, कारण पाण्यात ते टिकत नाही. आणि त्याच बफरमध्ये डीटीटी घालायचं नाही, दोघं एकमेकांना संपवतात. ‘माझा स्मीअर येत नाही’ म्हणून अँटिबॉडीला दोष देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं इथे असतं. नवी अँटिबॉडी मागवली तर परदेशातून यायला सहा-आठ आठवडे सहज जातात, तेव्हा आधी बफर तपासा.

पेशी म्हातारी झाली हे कसं ओळखायचं

अलेक्सी कॅरेलने १९१२ मध्ये कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयातल्या पेशी वाढवायला घेतल्या आणि त्या तीसहून अधिक वर्षं वाढत राहिल्याचं जाहीर झालं. पेशी अमर असतात, म्हातारा होतो तो देह, असं त्यावरून सगळे मानू लागले. १९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी चाळीस ते साठ वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. कल्चरमध्येच काही बिघाड असेल ही शंका त्यांनी झकास मोडून काढली. बरीच विभाजनं झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि कमी विभाजनं झालेल्या स्त्रीच्या पेशी एकाच भांड्यात मिसळून वाढवल्या. काही काळाने भांड्यात फक्त स्त्रीच्या पेशी उरल्या. माध्यम तेच, हवा तीच, थांबल्या त्या फक्त जुन्या. मला या सगळ्या इतिहासातला हा प्रयोग सर्वांत आवडतो.

अशा थांबलेल्या पेशी ओळखायला सगळे एक निळा रंग वापरतात, बीटा-गॅलॅक्टोसिडेजचा, ६.० पीएचवर. १९९५ पासून हा चालत आलाय. किट स्वस्त, रंग देखणा, आणि फसवा. पेशी दाटीने वाढल्या असतील तर तरुण पेशीही निळ्या होतात. रंगवलेली डिश रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची असते, पण नेहमीच्या कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली तर पीएच खाली घसरतो आणि सगळा निकाल बिघडतो. साधा इन्क्युबेटर लागतो. मुळात हा रंग लायसोसोममधल्या एन्झाइमचाच, म्हणजे तुमचं औषध लायसोसोमवर काम करत असेल तर रंग बदलणारच, पेशी तरुण झाली असो वा नसो. त्यामुळे सोबत पी-१६, पी-२१ ही विभाजन थांबवणारी प्रथिनं बघा, विभाजन थांबलंय का ते बघा, पेशी मोठ्या नि पसरट झाल्यात का ते डोळ्यांनी बघा.

आणि फ्लास्कमधली पेशी थांबली म्हणजे माणूस म्हातारा झाला असं नाही. मेंदूतले न्यूरॉन आयुष्यभर विभाजन न करताच म्हातारे होतात. दोन्ही गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो, मुलाखतीत मात्र यावर नक्की विचारतात.

प्राणी निवडताना कॅलेंडर बघा

म्हातारपणाच्या संशोधनात वेळ हा प्रयोगाचा भाग असतो, आणि तुमची फेलोशिप पाच वर्षांची असते. हे गणित आधी मांडा.

यीस्टची मातृपेशी साधारण पंचवीसेक वेळा विभाजते. तिचं वय मोजायचं तर मायक्रोस्कोपखाली बारीक काचेच्या सुईने प्रत्येक कन्यापेशी बाजूला करावी लागते, रात्री प्लेट फ्रिजमध्ये ठेवून सकाळी पुन्हा. मान आणि डोळे जातात. पण जनुकांशी खेळायला यीस्टसारखं दुसरं काही नाही, आणि ऑटोफॅजीची जनुकं यीस्टमध्येच सापडली. योशिनोरी ओसुमींनी टोकियोत व्हॅक्यूओलमधली (यीस्टच्या लायसोसोमसारख्या पिशवीतली) पाचक एन्झाइमं नसलेलं यीस्ट उपाशी ठेवलं आणि साध्या मायक्रोस्कोपखाली व्हॅक्यूओलमध्ये गोलगोल पुटकुळ्या जमताना पाहिल्या. पेपर १९९२ चा. पुढच्या वर्षी, ज्यांत हे घडत नाही असे उत्परिवर्ती शोधून त्यांनी पंधरा जनुकं हाती घेतली. २०१६ चं नोबेल त्याचं. दर एकादशीला व्हॉट्सॲपवर ‘उपवासाला नोबेल मिळालं’ असा निरोप फिरतो तो याच कामावरून. नोबेल यंत्रणा उलगडल्याबद्दल आहे. उपाशी होतं ते यीस्ट, आणि त्याला साबुदाण्याची खिचडी मिळत नव्हती.

सी. एलिगन्स हा एक मिलिमीटरचा कृमी दोन-तीन आठवडे जगतो. सिंथिया केन्यन यांनी १९९३ मध्ये एका जनुकातल्या बदलाने त्याचं आयुष्य दुप्पट झाल्याचं दाखवलं, तेव्हापासून या क्षेत्राला भाव आला. प्लॅटिनमच्या तारेने हलकेच टोचायचं, हलला नाही तर मेला असं लिहायचं. दिवसाआड सगळ्या प्लेट्स, दिवाळी असो की लग्न. सुट्टीवर जायचं तर कुणाच्या तरी हाती तुमचे कृमी सोपवावे लागतात, आणि माणूस बदलला की मोजणीही थोडी बदलते. म्हणून प्लेटवर उत्परिवर्ती की साधा हे न लिहिता नुसता सांकेतिक आकडा टाकायचा. मोजणाऱ्याला माहीत असेल तर हात फिरतो, प्रामाणिक माणसाचाही.

माणसाच्या फायब्रोब्लास्ट पेशी नैसर्गिकरीत्या थांबायला काही महिने लागतात. घाई असेल तर डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध देऊन दहाएक दिवसांत थांबवता येतात, पण ते म्हातारपण वेगळ्या जातीचं. मी दोन्ही शेजारी ठेवून तपासते. उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, त्यामुळे पीएचडीत उंदरांच्या आयुर्मानाचा प्रयोग अंगावर घेऊ नका. लॅबमध्ये आधीपासून म्हातारे उंदीर असतील तर त्यांच्या ऊती मागा. आफ्रिकेतला एक किलीफिश मासा चार-सहा महिन्यांत म्हातारा होतो, तो आता बऱ्याच ठिकाणी पाळतात.

एक वाद चालू आहे तो ठाऊक असू द्या. विघटन मंदावतं म्हणून पेशी म्हातारी होते, की म्हातारी होते म्हणून विघटन मंदावतं? प्रोटिएझोमचा एक घटक, आरपीएन-६, वाढवला तर ताणाखालचे कृमी जास्त जगतात, हे २०१२ मध्ये दिसलं. २००८ मध्ये ॲना मारिया क्वेर्वो यांच्या लॅबने म्हाताऱ्या उंदरांच्या यकृतात लॅम्प-२ए हे लायसोसोमच्या दारावरचं प्रथिन तरुणपणाइतकं टिकवून धरलं, तर यकृताचं काम सुधारलं. तीस वर्षांहून जास्त जगणाऱ्या नेकेड मोल रॅट या उंदरासारख्या प्राण्याच्या यकृतात प्रोटिएझोम जोरात चालतं. हे सगळं पहिल्या बाजूचं. पण वाढवणं नेहमीच हिताचं असतं तर काय हवं होतं! मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशी ढीगभर अँटिबॉडी बनवतात आणि प्रोटिएझोमवरच तग धरतात. २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं बोर्टेझोमिब प्रोटिएझोम बंद करूनच त्यांना मारतं. ‘प्रोटिएझोम वाढवणारं’ म्हणून कुणी गोळी विकत असेल तर ती मावशीला घेऊ देऊ नका.

प्रवेश, पैसे, लॅब

सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते. लाइफ सायन्सेसच्या पेपरात भाग क मध्ये पंचाहत्तर प्रश्न असतात, सोडवायचे फक्त पंचवीस, प्रत्येकी चार गुण. चुकलं की गुण कापतात. सगळे प्रश्न वाचत बसलात तर वेळ संपतो. प्रथिनं, पेशीशास्त्र, प्रयोगतंत्र हे तीन घटक पक्के असतील तर पंचवीस सहज निघतात. याखेरीज डीबीटीची बेट, टीआयएफआर आणि एनसीबीएसची जेजीबिल्स या परीक्षा, शिवाय गेट. एकीवर विसंबू नका. २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे सुरुवातीची फेलोशिप, महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर एसआरएफ ४२,००० रुपये, घरभाडं नियमाप्रमाणे वेगळं. ते दर महिन्याला वेळेवर येईलच असं धरू नका; तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायची सवय लावा.

पुण्यात एनसीसीएस, आयसर, एनसीएल, आघारकर संस्था, मुंबईत टीआयएफआर, आयआयटी, खारघरला ॲक्ट्रेक, बंगळुरूला जेएनसीएएसआर, एनसीबीएस, इन्स्टेम, आयआयएससी, हैदराबादला सीसीएमबी. संस्थेच्या नावापेक्षा लॅबमध्ये रोज काय चालतं ते बघा. मुलाखतीआधी गाइडचे पेपर सगळेच वाचतात. त्याच्या जोडीला लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना चहाला गाठा आणि विचारा: निकाल मनाजोगा आला नाही की पुढे काय होतं? रिपीट कोण करतं? थीसिस जमा करायला सरासरी किती वर्षं लागतात? इथे मुलं खरं बोलतात. ‘आमचे सर फारच छान आहेत’ म्हणून विषय बदलला, तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

पीएचडीनंतर प्राध्यापकी मिळेलच असं नाही, पण आता आपल्या विषयाला बाजारातही किंमत आली आहे. नको असलेल्या प्रथिनाला युबिक्विटिन लावणाऱ्या एन्झाइमच्या शेजारी ओढून आणायचं आणि पेशीकडूनच मोडून घ्यायचं, या कल्पनेवर २००१ पासून काम चालू आहे. अशा रेणूंना प्रोटॅक म्हणतात. थॅलिडोमाइड हे जुनं औषध युबिक्विटिन लावणाऱ्या अशाच एका एन्झाइमच्या घटकाला चिकटतं हे २०१० मध्ये जपानी गटाने शोधल्यावर तर या कामाने वेग घेतला. हैदराबाद, बंगळुरू, पुण्याच्या संशोधन कंपन्यांत प्रथिन किती वेगाने मोडतं हे नीट मोजता येणारी माणसं लागतात. मघाची चार लेनवाली सवय तिथे पगार देते.

एवढं वाचून कुणाला मेल करावासा वाटला तर थोडक्यात करा. विषय म्हणून ‘एजिंग’ लिहू नका. त्या लॅबच्या एखाद्या पेपरातली एक आकृती निवडा, त्यात कोणता कंट्रोल पाहायला आवडला असता किंवा पुढचा प्रयोग काय सुचतो हे चार ओळींत लिहा, आणि स्वतःच्या हाताने काय काय केलंय ते खरं खरं सांगा: जेल ओतलंय का, पेशी नव्या फ्लास्कमध्ये पास केल्यात का, प्रायमर बनवलेत का. सही-शिक्क्यांच्या सर्टिफिकेटांची पीडीएफ जोडू नका, ती कुणी उघडत नाही. उन्हाळ्यातल्या कामासाठी तिन्ही विज्ञान अकादमींची फेलोशिप आहे, तिचे अर्ज बहुधा नोव्हेंबरात निघतात. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. त्यानंतरही आलं नाही, तर पुढच्या लॅबला लिहा.